शेवाळ खाणारा मासा : ऐब सांगून विका

फिशटँकचा धंदा करणाऱ्या बांधवांकडे गिऱ्हाईक हमखास शेवाळाची तक्रार घेऊन येते. आपण त्याला सकर मासा देतो. दोन इंचांचे पिल्लू स्वस्त पडते, काच साफ करते. पण तेच वाढून दीड फुटापर्यंत जाते, घाण फार करते आणि शेवटी नदीत सोडले जाते. उजनी धरणात पसरलेल्या सकरच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, रोजी बुडते. मलकापूरची नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. येथे सोडलेला मासा येथेच थांबेल असे नाही.

निवड अशी करावी :

१) दोन फुटी पेटी (सुमारे ५६ लिटर) : ऑटोसिंक्लस. दीड-दोन इंचांचा, पाच-सहा एकत्र द्यावेत. नव्याने भरलेल्या पेटीत टिकत नाही.

२) तीन फुटी पेटी : ब्रिसलनोज. साधारण पाच इंचांपर्यंतच वाढतो.

३) खाऱ्या पाण्याची प्रवाळपेटी : टेलस्पॉट ब्लेनी. सुमारे अडीच इंचांचा. मोठा होणारा टँग मासा छोट्या पेटीसाठी देऊ नये.

मासा हा एकटाच इलाज नव्हे. पेटी उन्हात नको, दिवा आठ तासांपेक्षा जास्त नको, उरलेले खाद्य काढावे, दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवेचा पंप बंद ठेवू नये.

मालातील ऐब सांगूनच सौदा करावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. सकर विकलाच, तर त्याची पूर्ण वाढ किती ते आधी सांगा आणि वाढलेला मासा परत घेण्याची तयारी ठेवा. एक विक्री कमी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल. बरकत त्यातच आहे.