दोन नेक, दोन आवाज

चि. सोनू हिस,


तुझं पत्र मिळालं. तुझ्या दोन नेकच्या पेडल स्टील गिटारचा बाहेरचा, ई नाइन्थ ट्यूनिंगचा नेक घंटेसारखा वाजतो, आतला, सी सिक्स्थचा मात्र घोंगडी पांघरल्यासारखा, म्हणून आतल्या तारांचा आवाज उचलणारा पिकअप बदलायचा विचार आहे, असं लिहिलंस. थोडी थांब. माझी स्टील गिटार नवी होती तेव्हा मी हेच केलं होतं. झगझगीत आवाजाचा पिकअप बसवला. दोन्ही नेक सारखे वाजायला लागले आणि आतले भरगच्च कॉर्ड पत्र्यावर गारा पडाव्यात तसे आदळू लागले. जुना पिकअप परत बसवला तेव्हा उमगलं, की आवाजात दोष किती आणि स्वभाव किती, हे मी तपासलंच नव्हतं. तू आधी ते तपास.

पहिली गोष्ट तारांची. खरं सांग, आतल्या नेकच्या तारा शेवटच्या कधी बदलल्यास? बाहेरची तिसरी तार, जी शार्पची, अवघी ०.०११ इंच जाड. पेडल दाबलं की ती ए पर्यंत ताणली जाते, म्हणून सारखी तुटते आणि त्या निमित्ताने तो सगळा संच नवा होतो. आतल्या तारा सहसा तुटत नाहीत, त्यामुळे महिनोन्‌महिने घाम खात पडून राहतात. मग नव्या तारांशेजारी जुन्या तारा ऐकून आपण नेकला नावं ठेवतो. दोन्ही संच एकाच दिवशी चढव.

मग ॲम्प्लिफायरचे ट्रेबल आणि बेस मध्यावर आण. बाहेरच्या नेकची चौथी तार ई, आतल्या नेकची दुसरी तारही ई. सूर तोच, सुमारे ३३० हर्ट्झचा. जाडी दोन्हीकडे ०.०१४ इंचाच्या आसपास, लांबी साधारण २४ इंच. या दोन मोकळ्या तारा एकामागून एक वाजव, सावकाश, दहा वेळा. इथे जो फरक ऐकू येईल तेवढाच नेकचा, पिकअपचा किंवा तुझ्या हाताचा. बाकीचा सगळा त्या ट्यूनिंगचा.

हाताचं म्हणते त्याकडे बारकाईने बघ. आतला नेक पोटाशी येतो, कोपर मागे सरकतं आणि बोटांवरचे पिक नकळत फ्रेटबोर्डाकडे जातात. तिथे तार गोल, मऊ बोलते. पिकअपच्या जवळ ती धारदार होते. माझा हात चांगला इंचभर सरकत होता. आरशासमोर बसून पाहिलं तेव्हा दिसलं.

त्यानंतर पिकअपची उंची. आतली दहावी तार ०.०७० इंचाच्या घरातली. एवढा धातू पिकअपवर हलला की सिग्नल दांडगा येतो आणि वरच्या तारा त्याखाली दबतात. जाड तारांच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा खाली घे, वाजव, पुन्हा ऐक. एका वेळी एकच बदल कर आणि तो वहीत लिहून ठेव.

एवढं करूनही फरक उरेल. तो उरू दे. आतली सगळ्यात खालची तार सी, सुमारे ६५ हर्ट्झची. बाहेरची खालची बी १२३ हर्ट्झची. जवळजवळ एका सप्तकाचं अंतर आहे. सी सिक्स्थ रुळवलं जेरी बर्ड यांनी, पेडलं येण्याआधी. पुढे इथे टेक्सासच्या स्विंगवाल्यांना नाचाच्या बँडमध्ये पितळी वाद्यांच्या ताफ्याइतका भरीव कॉर्ड एकट्याने वाजवायचा होता, तो या ट्यूनिंगने दिला. ई नाइन्थचं काम वेगळं. वेब पिअर्स यांच्या १९५४ सालच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबलं, कॉर्डमधले काही सूर चढले, बाकीचे जागीच राहिले. तुमच्या नॅशव्हिलला तो हुंदका इतका आवडला, की अख्खं ट्यूनिंग त्याभोवती घडत गेलं. बडी एमन्स यांनी वर एफ शार्प आणि डी शार्पच्या तारा जोडल्या, त्याही सुरावट हाताशी यावी म्हणून. त्या नेकला गायकाच्या ओळींमधल्या फटीतून ऐकू यायचं असतं, त्याला धार हवीच.

आपल्या आजोबांची पेटी खर्ज-नर होती, आठवतंय? एकाच भात्याच्या हवेवर खर्जाचे सूर घुमायचे आणि नराचे स्वच्छ उमटायचे. अभंगाला दोन्ही लागायचे. सूर लावताना आजोबा रीडची पट्टी अगदी हलक्या हाताने खरवडायचे, स्वरात येईल एवढीच. खर्जाने नरासारखं बोलावं असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही.

तूही धरू नकोस. आतल्या नेकवर जलद सुरावट वाजवून त्याला नापास करू नकोस. आठवडाभर फक्त त्याच्या वाट्याची पाच पेडलं वापर, संथ कॉर्ड धर, व्हॉल्यूम पेडलने सूर सावकाश उघड आणि शेवटपर्यंत विझू दे.

तारा बदलल्यावर त्या दोन ई फोनवर रेकॉर्ड करून पाठव. कुठली कुठल्या नेकची ते मला सांगू नकोस. मला ओळखता आली नाही, तर पिकअपचे पैसे वाचव आणि त्यातून तारांचे दोन जादा संच घेऊन ठेव.

तुझी,
मावशी