अणुवीज महाग का पडते? तारापूर ते जैतापूर

अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्याकडे सुरक्षितता आणि विस्थापन यांवर वाद होतो. तो आवश्यकच आहे. मात्र खर्चाचा प्रश्न बहुधा तज्ज्ञांवर सोपवला जातो. वस्तुतः शालेय गणित जाणणाऱ्या कोणालाही तो समजण्यासारखा आहे.

कोळशाच्या केंद्रात वीजदराचा मोठा वाटा इंधनाचा असतो. अणुकेंद्राचे गणित याच्या उलट आहे. युरेनियम अल्प लागते. बहुतांश खर्च उभारणीचा असतो आणि तो विजेचे पहिले युनिट विकण्यापूर्वीच करावा लागतो. त्यातील मोठा भाग कर्जाऊ असतो. 100 रुपये दरसाल 10 टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले, तर 7 वर्षांनी देणे सुमारे 195 रुपये होते आणि 14 वर्षांनी सुमारे 380. प्रत्यक्षात कर्ज टप्प्याटप्प्याने उचलले जाते, म्हणून वाढ याहून कमी होते. पण तत्त्व तेच राहते. बांधकामात काहीही भर न पडता, केवळ विलंबामुळे वीज महागते.

इतिहास याची साक्ष देतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे काम 1964 मध्ये सुरू झाले आणि 1969 मध्ये वीज मिळू लागली. अमेरिकेचे कर्ज सवलतीच्या व्याजाचे होते आणि अमेरिकी कंपनीने ठरलेल्या किमतीत केंद्र उभारून देण्याचे दायित्व स्वीकारले होते.

फ्रान्समधील फ्लामाँव्हिल येथील तिसऱ्या अणुभट्टीची कहाणी वेगळी आहे. तिचे बांधकाम डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाले. अंदाज 3.3 अब्ज युरोंचा होता आणि 2012 मध्ये वीज मिळणार होती. पुढे पोलादातील आणि वाफेच्या नळांच्या जोडकामातील दोष उघड झाले. अखेर डिसेंबर 2024 मध्ये ती वीजजाळ्याला जोडली गेली. 2015 च्या किमतींनुसार खर्च 13.2 अब्ज युरोंवर गेला आणि बांधकामकाळातील व्याज यात धरलेले नाही.

हा अनुभव आपल्याशी थेट निगडित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे याच ईपीआर प्रकारच्या सहा अणुभट्ट्या नियोजित आहेत. माडबन परिसरातील गावांची सुमारे 938 हेक्टर जमीन त्यासाठी संपादित झाली. आराखडा करार 2010 मध्ये झाला, फ्रेंच कंपनीचा सविस्तर प्रस्ताव 2021 मध्ये आला. जमीन देणाऱ्यांनी आपली किंमत आधीच मोजली आहे. अणुभट्ट्यांची उभारणी मात्र अद्याप सुरू झालेली नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. अणुकेंद्र रात्रंदिवस वीज देते, कोळशाप्रमाणे धूर ओकत नाही आणि साठ वर्षे चालू शकते. चीनमधील तायशान येथे याच प्रकारच्या दोन अणुभट्ट्या सुमारे नऊ वर्षांत उभ्या राहिल्या. म्हणजे तंत्र अशक्य नाही. कालमर्यादा पाळणे कठीण आहे.

म्हणून नव्या अणुप्रकल्पाची घोषणा वाचताना मेगावॅटच्या आकड्यावर थांबू नये. काम किती वर्षांत पूर्ण होईल? कर्जाचा व्याजदर काय? आणि विलंब झाल्यास वाढीव खर्च कोण सोसणार: कंपनी, शासन की ग्राहक? करारात या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नसेल, तर ते पुढे आपल्या वीजबिलात किंवा करात लिहिले जाते. आपल्या विद्यार्थ्यांनी हे प्रश्न करारावर स्वाक्षरी होण्यापूर्वी विचारावेत. नंतर केवळ बिल भरणे उरते.