स्पार्क प्लगवरील काजळी वाचा, मगच इंजिन खोला

संत्रा बागेत नवती फुटली की सिट्रस सिलाच्या बंदोबस्तासाठी थोडेच दिवस हाती असतात. नेमके तेव्हाच पेट्रोलवरील फवारणी यंत्र कुरकुर करू लागते. बागायतदार काटोलहून किंवा नागपूरहून नवा प्लग आणून बसवतो. दोन दिवस यंत्र चालते, मग पुन्हा तीच तक्रार. जुना प्लग बांधावर फेकलेला असतो आणि बिघाडाचे कारण त्याच्यावरच लिहिलेले असते.

शेतकरी बंधूंनो, झाडावर कोळशी दिसली तर आपण नुसती पाने पुसत बसत नाही. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर ती बुरशी वाढते, म्हणून माशीचा बंदोबस्त करतो. प्लगवरील काजळीचेही तसेच आहे.

प्लग पाहण्याची वेळ महत्त्वाची आहे. यंत्र पूर्ण वेगात, प्रत्यक्ष फवारणी करीत दहा-पंधरा मिनिटे चालवावे आणि त्याच वेगात एकदम बंद करावे. मंद वेगावर ठेवून बंद केल्यास प्लगवर काजळी बसते व निदान चुकते. इंजिन थंड होऊ द्यावे. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे खराब होतात. भोवतालची धूळ आधी पुसावी, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये जाते.

आता चिनी मातीचे टोक पाहावे. फिकट तपकिरी रंग असेल तर प्लगला दोष देऊ नये. कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त: चोक अर्धवट लागलेला, एअर फिल्टर तुंबलेला, किंवा ठिणगीच कमजोर. आमच्या मते फिल्टर प्रथम पाहावा, कारण त्याला खर्च नाही. प्लग नुसता पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही किंवा चोकमुळे पेट्रोल साचले आहे असे समजावे.

काळा, तेलकट प्लग असल्यास इंजिन कोणते ते पाहावे. चार स्ट्रोक इंजिनात रिंग किंवा व्हॉल्व्ह गाईड झिजल्याची ही खूण असते. क्रँककेसमध्ये तेल जास्त भरले असले तरी असे होते. दोन स्ट्रोक इंजिनात बहुधा मिश्रणातील तेल जास्त झालेले असते. 25:1 म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मि.लि. तेल, 50:1 म्हणजे 20 मि.लि. आपल्या यंत्राचे प्रमाण पुस्तिकेत पाहावे आणि तेल मापानेच घालावे, बुचाच्या अंदाजाने नाही. मात्र प्लग काळा होतो म्हणून पुस्तिकेपेक्षा तेल कमी करणे फार महागात पडते. पिस्टन सिलेंडरला चिकटतो.

सर्वांत धोक्याचा रंग काळा नव्हे, पांढरा. टोक पांढरेफटक, फोड आलेले, इलेक्ट्रोड झिजलेले दिसले तर इंजिन अति तापत आहे. कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरणे, जेट तुंबणे, सिलेंडरच्या फिन्समध्ये धूळ-तेलाचा थर साचणे किंवा चुकीच्या उष्णता क्रमांकाचा प्लग ही त्याची कारणे होत. टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार कण दिसल्यास यंत्र पुढे चालवूच नये. पिस्टन वितळू लागलेला असतो.

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या यंत्रात मिश्रण थोडे पातळ होते व प्लग पूर्वीपेक्षा फिका दिसू शकतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे.

प्लगवरून उलगडा झाला नाही तरच हेड उघडावे. चार स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या माथ्याची कड तेलाने धुतल्यासारखी स्वच्छ आणि मध्ये कार्बन असेल तर रिंगांतून तेल वर येते. तेलकट थर फक्त इनलेट व्हॉल्व्हजवळ असेल तर गाईड तपासावे. गॅस्केटवरून बाहेर गेलेला काळा पट्टा म्हणजे तेथून वायू गळतो. दोन स्ट्रोक इंजिनाची ताकद कमी झाली असेल तर आधी सायलेंसर काढून एक्झॉस्टचे छिद्र पाहावे. कार्बन खरवडताना पिस्टन वर आणून छिद्र झाकावे आणि लाकडी किंवा बांबूची पट्टी वापरावी, पेचकस नको.

प्लग परत लावताना फट पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक लहान इंजिनांत 0.6 ते 0.8 मि.मी., ठेवावी. पहिले आटे हातानेच फिरवावेत.