आधी कोण बसलंय ते बघ

बेंगळुरूत यशवंतपूरला उतरलीस की रिक्षावाल्याला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हण, आयआयएससीला (भारतीय विज्ञान संस्थेला) तिथं अजून तसंच ओळखतात. प्रा. सी. एन. आर. राव यांनी १९७६ साली तिथं घन अवस्थेच्या रसायनशास्त्राचा विभाग उभा केला. धातूवर रेणू येऊन बसला की त्याचे इलेक्ट्रॉन कसे हलतात, हे वर्णपटावरून वाचायचं काम तिथं पुष्कळ झालंय. ते जुने पेपर आधी वाच, नवे नंतर.

आता माझ्या सरांनी मला सांगितलेलं सांगतो. कोरा धातू आयता मिळत नाही, पोरी. दाब टॉरच्या दहा लाखाव्या भागावर आणलास तरी, आदळलेला प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं, तर साधारण सेकंदाभरात पृष्ठभाग भरून जातो. म्हणून आपण त्याच्याही दहा हजारपट खाली उतरतो. तेव्हा कुठे कामाला दोन-तीन तास मिळतात. निर्वात चेंबर उघडलं असेल तर रात्रभर बेक कर. पावसाळ्यात हवेतलं पाणी भिंतींना जास्त धरतं, तेव्हा घाई मुळीच नको. मग आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरचा थर काढ आणि धातू तापवून अणूंना परत जागेवर बसू दे. कार्बन हट्टी असतो. किंचित ऑक्सिजन देऊन तापवलं की जातो. एक्सपीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटात, कार्बनची रेघ गेलेली डोळ्यांनी पाहा, मगच तुझा रेणू सोड. स्वच्छ धातूचा वर्णपट रोज घे आणि वहीत तारीख घालून ठेव. पुढे शंका आली की तोच कामाला येतो.

रेणू कसा बसलाय असं कुणी विचारलं, तर तापमान किती ते आधी विचार. प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठावर १०० केल्व्हिनला इथिलीन आडवं पडतं, दोन्ही कार्बन धातूला धरून. खोलीच्या तापमानापर्यंत आणलंस की त्याचा एक हायड्रोजन सुटतो आणि ते उभं राहतं: खालचा कार्बन तीन प्लॅटिनम अणूंच्या मध्ये, वर मिथाइल. याला इथिलिडाइन म्हणतात. इथिलीनचं हायड्रोजनीकरण चालू असतानाही पृष्ठभागावर हेच ठळक दिसतं. पण इथेन त्याच्यातून होत नाही! पृष्ठभागाचे रसायनशास्त्रज्ञ सोमोरजाई यांच्या गटानं चालू अभिक्रियेत पाहून दाखवलं, की काम करतं ते हलक्या हातानं धरलेलं, संख्येनं थोडं इथिलीन. मला ही गोष्ट या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते. वर्णपटातल्या उंच रेघेलाच अभिक्रियेचा टप्पा ठरवू नकोस. तापमान बदल, दाब बदल, आणि वेगाबरोबर कोणती रेघ हलते ते बघ.

जक्कूरला जवाहरलाल नेहरू केंद्रात गणित मांडणाऱ्यांशी ओळख ठेव. पण त्यांच्या आकड्यापुढे प्रयोग ठेवायला संकोचू नकोस. याच प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड एका अणूच्या डोक्यावर बसतो, आणि नेहमीच्या पद्धतीचं गणित त्याला तीन अणूंमधल्या खळग्यात बसवतं. २००१ पासून हे कोडं उघडपणे मांडलेलं आहे.

बेंगळुरूची म्हणून एक खास गोष्ट. शहर नऊशे मीटरवर आहे, हवेचा दाब ६८५ टॉरच्या आसपास. तिथं द्रव नायट्रोजनही समुद्रकाठापेक्षा जवळजवळ एक अंशानं थंड उकळतो. उत्प्रेरकाचं क्षेत्रफळ मोजताना संपृक्त दाबाच्या जागी सवयीनं ७६० भरू नकोस, तिथंच मोजून घे. आणि फुग्यातला हायड्रोजन ‘एक वातावरण’ असं लिहिण्याआधी बॅरोमीटर बघ.

शेवटचं, हायड्रोजनीकरणाला वापरायचं कोळशावरचं पॅलेडियम कोरडं असताना मेथॅनॉलमध्ये कधीही टाकू नकोस. आधी नायट्रोजन भर, उत्प्रेरक पाण्यानं भिजव, मग मेथॅनॉल घाल. काम झाल्यावर त्याच्यावर हायड्रोजन बसलेलाच असतो. गाळताना हवेत वाळलं की पेटतं. गाळणीवर थर ओला ठेव, पाण्याखाली वेगळ्या डब्यात जमा कर, आणि त्या डब्यावर तुझं नाव व तारीख लिही.