मंदिरांतील गायन टिपून ठेवणें

पुष्कळ गायक व वादक मंदिरांत एकत्र गातात, तेव्हां तें गायन यंत्रानें कसें टिपावें, हें आज आपण पाहूं.

इंग्लंडांत ग्लॉस्टर, हेरफर्ड व वुस्टर येथील मुख्य मंदिरांच्या गायकवर्गांचा उत्सव आळीपाळीनें भरतो. १९२७ सालीं हेरफर्ड येथें सर एडवर्ड एल्गार यांनीं स्वतःच्या रचनांचें गायन चालविलें, आणि ग्रामोफोन कंपनीनें गाडींतून यंत्रें नेऊन तें मंडळीसमक्ष टिपलें. असें गायन एकदांच होतें. एका खोकल्यानें बिघडलेला भाग पुनः मिळत नाहीं.

१. भिंती. आवाज एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. १७ मीटरांवरील भिंतीवरून तो सेकंदाच्या दहाव्या भागांत परत येतो. असे अनेक प्रतिध्वनि मिसळतात. मायक्रोफोन फार दूर असल्यास शब्द कळत नाहींत. फार जवळ असल्यास एकाच गायकाचा आवाज पुढें येतो. म्हणून तो बहुधा गायन चालविणाऱ्याच्या किंचित् मागें, उंचावर ठेवितात.

२. मंडळी. माणसें व त्यांचीं वस्त्रें नाद शोषून घेतात. यास्तव रिकाम्या मंदिरांतील तालमीवर सर्वस्वीं विसंबूं नये.

३. शेवटचा स्वर. गायक थांबले तरी मंदिर थांबत नाहीं. तो नाद विरेपर्यंत कोणीं बाक सरकवूं नये, व यंत्रहि बंद करूं नये.

प्रश्न : आपल्या मंदिरांत एकदां टाळी वाजवून नाद किती वेळ राहतो तें मोजा. मग सांगा, श्रोत्यांचें मौन गायनाचाच भाग कसें होतें?