एका शब्दाचा प्रवास

संयुक्त अरब अमिरातीतील दुबई शहरात एक खाडी आहे. 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या तेथे दिवसभर ये-जा करतात. संध्याकाळी काम सुटले, की काठाजवळच्या चहाच्या दुकानांत गर्दी होते. चहावाला बहुधा केरळचा. गिऱ्हाइकांत कोणी अरब, कोणी पठाण, तर कोणी आपल्या रत्नागिरीकडचा कामगार. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. तरीही 'एक करक' म्हटले, की वेलची घातलेला, दाट दुधाचा चहा पुढे येतो.

हा 'करक' म्हणजे आपला 'कडक'च! 'ड'चा उच्चार अरबांना अवघड, म्हणून त्याचा 'र' झाला.

मग 'चहा' हा शब्द कोठला? तो मूळचा चीनचा. चिनी भाषेत चहाला 'चा' म्हणतात. हा शब्द खुश्कीच्या मार्गाने इराणात गेला आणि 'चाय' झाला. प्रमाण अरबीत 'च' नाही. तेथे तो 'शाय' झाला. चीनच्या फुजियान प्रांतात मात्र चहाला 'ते' म्हणत. डच व्यापाऱ्यांनी तो उच्चार समुद्रमार्गे युरोपात नेला. इंग्रजीतील 'टी' त्यातूनच आला.

चिनी माणसाच्या बोलण्यात 'चा' पदोपदी येतो. झाड, पत्ती आणि पेय या तिन्हींना हाच शब्द. आपल्या नेहमीच्या चहाला ते 'होंग चा', म्हणजे 'तांबडा चहा' म्हणतात. 'हलका चहा, साधा भात' म्हणजे साधी राहणी; आपली मीठभाकरच ती! पूर्वी वराकडून आलेला चहा मुलीकडच्यांनी स्वीकारला, की लग्न ठरले असे समजत. आपल्याकडेही सोयरिकीची बोलणी चहापोह्यांवरच सुरू होतात, नाही का?

दुबईत २००४ साली 'ड्रॅगन मार्ट' हा चिनी मालाचा मोठा बाजार सुरू झाला. तेथील चिनी दुकानदाराने 'चा' म्हटले, तर मराठी माणसाला ते शिकवावे लागत नाही. पण स्वतः म्हणताना सूर सांभाळावा लागतो. सूर खालून वर चढवला, तर अर्थ 'चहा'. वरून खाली उतरवला, तर 'निकृष्ट'! प्रेमाने पुढे केलेल्या पेल्याला चुकून नावे ठेवली जायची.

म्हणून दुसऱ्याचा शब्द आधी नीट ऐकावा, मग त्याच्या सुरात म्हणावा. एवढे कष्ट घेतले, की परमुलखातही माणूस परका राहत नाही.

शब्दार्थ : खुश्कीचा मार्ग – जमिनीवरील मार्ग. सोयरीक – लग्नसंबंध.

स्वाध्याय
१. 'कडक'चा 'करक' का झाला?
२. 'चाय' आणि 'टी' हे शब्द कोणत्या मार्गांनी पसरले?
३. तुमच्या बोलण्यातील परभाषेतून आलेले पाच शब्द लिहा.