विद्यापीठ-प्रवेशासाठी गुरूचे शिफारसपत्र : आयुर्वेदीय दृष्टीने विचार

आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून अखिल भारतीय स्तरावर सामायिक परीक्षा घेतली जाते. त्यामुळे एम.डी. अथवा एम.एस.ला जाणाऱ्या विद्यार्थ्याला गुरूच्या पत्राची आवश्यकता उरलेली नाही. तेथे गुणांकनच बोलते. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या पदवीधरांचा ओघ अन्य दिशांनाही वळला आहे. सार्वजनिक आरोग्य, औषधनिर्माणशास्त्र, वनौषधी-संशोधन, वैद्यकाचा इतिहास अशा विषयांसाठी मुलेमुली परदेशी विद्यापीठांत अर्ज करतात. तेथे गुणपत्रिकेबरोबर दोन, क्वचित तीन शिफारसपत्रे मागितली जातात. ही पत्रे मागण्यासाठी विद्यार्थी जसे महाविद्यालयातील अध्यापकांकडे जातात, तसेच ज्या वैद्याकडे बसून त्यांनी रुग्ण पाहिले किंवा ज्या औषधशाळेत त्यांनी काम केले, त्यांच्याकडेही येतात. म्हणजेच आपणा वाचकांपैकी अनेकांवर ही जबाबदारी आज ना उद्या येणार आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने यथामती विवेचन केले आहे.

शिफारसपत्र म्हणजे शास्त्रीय परिभाषेत आप्तोपदेश होय. पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला पाहिलेले नसते. त्याच्यापुढे गुणपत्रिका असते, तीवरून तो अनुमान करतो. प्रत्यक्ष त्याला उपलब्ध नसते. ते प्रत्यक्ष ज्याच्यापाशी आहे, अशा व्यक्तीच्या शब्दावर त्याला विसंबावे लागते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्ताचे लक्षण सांगताना रज आणि तम यांपासून मुक्तता ही मुख्य गोष्ट मानली आहे. हे लक्षण पत्रलेखकाला लावून पाहावे. विद्यार्थ्यावरील ममतेने जे लिहिले ते रजोगुणाचे आणि त्याची नीट माहिती नसताना जे लिहिले ते तमोगुणाचे. आपल्याकडील बहुसंख्य पत्रे या दोन्ही दोषांनी युक्त असतात, असे खेदाने म्हणावे लागते. 'सदर विद्यार्थी अत्यंत हुशार, कष्टाळू, प्रामाणिक व सुशील असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा' हे वाक्य एखाद्या महाविद्यालयात शंभर विद्यार्थ्यांच्या पत्रांत असेल, तर त्यातून एकाही विद्यार्थ्याचे ज्ञान होत नाही.

मग लिहावे काय? याचे उत्तर परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत शोधण्याआधी आपल्या संहितांत शोधावे. चरकसंहितेत वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्म पुनःपुन्हा पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. या चार गुणांची चौकट घेऊन प्रत्येकाखाली आपण स्वतः पाहिलेला एक प्रसंग लिहिला, तरी उत्तम पत्र तयार होते. सुश्रुताचार्य याहून पुढे जातात. योग्यासूत्रीय अध्यायात त्यांनी छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या अशा फळांवर, सिरावेधाचा मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर, एषणाचा किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि सीवनाचा वस्त्राच्या कडांवर करण्यास सांगितले आहे. त्यापुढील अध्यायात, शास्त्र व कर्म यांत तयार झालेल्या शिष्याने राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात प्रवेश करावा, असा दंडक आहे. हा क्रम लक्षात घ्यावा. आधी शिष्य हाताने काय करतो ते गुरू पाहतो, नंतर बाहेरची सत्ता त्याला मान्यता देते. शिफारसपत्र या दोन पायऱ्यांच्या मधले आहे. शिष्याने कोहळा कसा कापला हे ज्याने पाहिले नाही, त्याच्या पत्राला अर्थ नाही.

यावरून विद्यार्थ्यांच्या मनातील एका मोठ्या गैरसमजाचा निरास होतो. पत्रावर प्राचार्यांची किंवा अधिष्ठात्यांची सही असली की ते वजनदार होते, अशी समजूत आहे. प्राचार्यांनी त्या विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनात एकदा पारितोषिक दिले असेल, एवढाच त्यांचा परिचय. याउलट द्रव्यगुण विभागातील एखाद्या व्याख्यात्याने वर्षभर त्याचा वनौषधी-संग्रह तपासलेला असतो. प्रवेश-समितीला पदापेक्षा परिचय हवा असतो. म्हणूनच पत्राच्या आरंभी 'आपण अर्जदाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता' हा प्रश्न असतो.

या संदर्भात आपल्या जिल्ह्याशी निगडित एक उदाहरण मननीय आहे. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय शिक्षणाचा विषय प्रथम परदेशात पोहोचला तो कोल्हापुरातून. गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापूरला असताना, १८७८ च्या सुमारास, त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. पूर्वी कोल्हापुरात मिशनचे काम केलेले रॉयल वाइल्डर तेव्हा अमेरिकेतून 'मिशनरी रिव्ह्यू' चालवीत होते. त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या उत्तरासह छापला. उत्तर नकाराचे होते, आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा उपदेश त्यात होता. ज्याच्याकडे शिफारस मागितली त्याने अर्जदाराची योग्यता न पाहता तिचा धर्म पाहिला. मात्र छापलेला तोच पत्रव्यवहार १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढे तीन वर्षे हा पत्रसंवाद चालला. जून १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या, त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी राहिल्या.

तेथून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला. या अर्जाकडे शिफारसपत्राचा अभ्यास करणाऱ्याने बारकाईने पाहावे. ज्याचे पत्र जोडता येईल असा महाविद्यालयीन गुरू त्यांना नव्हता. शिक्षण बहुतांशी घरीच, पतीच्या हाताखाली झाले होते. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे त्यांनी लपविले नाही. आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगितले. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो, हीच आपल्या निश्चयाची साक्ष मानावी, असे मांडले. आणि पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, हे प्रयोजन स्पष्ट केले. न्यूनाची कबुली, प्रत्यक्ष केलेले कृत्य आणि स्वच्छ हेतू, एवढ्या सामग्रीवर डीन रेचेल बॉडले यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. विशेषणे त्या अर्जात फारशी नाहीत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! आपल्या शास्त्राविषयी एका मराठी स्त्रीने अमेरिकी वैद्यक महाविद्यालयात प्रबंध सादर केला, ही गोष्ट आपल्या व्यासपीठांवर फार कमी वेळा सांगितली जाते. कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच. कार्यभार स्वीकारण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

आजच्या विद्यार्थ्याचा अर्ज आनंदीबाईंसारखा एकट्याच्या शब्दावर स्वीकारला जाणार नाही. परंतु पत्रलेखकाने तीच सामग्री पुरवायची आहे. एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नृसिंहवाडीसह शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली, माणसे निवारा-छावण्यांत हलविली गेली. माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी तेव्हा छावणीत मदतीस होती. पायांच्या बोटांमधील कुजणे, दद्रू, पामा, अतिसार यांचे रुग्ण तिने कुटुंबवार नोंदवहीत लिहिले आणि एकाच पाणवठ्यावरील कुटुंबांत अतिसार अधिक आहे, हे तिसऱ्या दिवशी मला वही दाखवून सांगितले. सीमेपलीकडून आलेल्या वृद्धांशी ती कन्नडमधून बोलत असे. पुढे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी तिने पत्र मागितले, तेव्हा मी तिच्या बुद्धिमत्तेविषयी एकही विशेषण लिहिले नाही. ही वही आणि तो तिसरा दिवस लिहिला. तिचे इंग्रजी लेखन संथ आहे, पण ती मसुदा पुनःपुन्हा सुधारते, हेही लिहिले. न्यून लिहिलेले पत्र दुबळे ठरते अशी भीती अनेकांना वाटते. माझे मत उलट आहे. ज्या पत्रात दोषाचा उल्लेखच नाही, त्या पत्रातील गुणांवरही वाचणारा विश्वास ठेवीत नाही.

अनेक विद्यापीठांच्या छापील प्रश्नावलीत अर्जदाराला त्याच्या सहाध्यायांच्या तुलनेत श्रेणी द्यावयाची असते : वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पंचवीस टक्क्यांत. आपले वैद्य येथे सर्रास सर्वोच्च रकान्यात खूण करतात. दशविध परीक्षेत आपण सार, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती यांचे प्रवर, मध्यम, अवर असे भेद स्वतंत्रपणे करतो. सर्व बाबींत प्रवर असा रुग्ण आपण कितीसे पाहिले? विद्यार्थ्याच्या बाबतीतही तोच विवेक ठेवावा.

औषधशाळांच्या मालकांनी आपले पत्र दुय्यम समजू नये. निर्मिती अथवा संशोधनाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते कित्येकदा अध्यापकाच्या पत्राहून उपयोगी पडते. अनुसूची 'टी'नुसार चालणाऱ्या औषधशाळेत कच्च्या मालाची नोंद, घाणवार नोंदपत्रके, स्वच्छतेचे नियम हे सारे विद्यार्थी शिकत असतो. अशोकाच्या सालीच्या पोत्यात खोट्या अशोकाची साल मिसळलेली त्याने ओळखली असेल, तर तो दिवस, ती पद्धत आणि त्यानंतर आपण तो माल परत केला की नाही, हे लिहावे. 'आमच्याकडे सहा महिने काम केले, वर्तणूक चांगली' हे अनुभव-प्रमाणपत्र झाले, शिफारसपत्र नव्हे.

एका प्रथेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याने स्वतः पत्र लिहून आणायचे आणि गुरूने त्यावर सही करायची, ही प्रथा रूढ झाली आहे. कामाचा व्याप हे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु हे शब्दप्रमाणच खोटे आहे. शिवाय एकाच विद्यार्थ्याने लिहिलेल्या तीन पत्रांची शैली एक असते आणि ते वाचणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. विद्यार्थ्याकडून मसुदा न घेता टिपण घ्यावे : केलेली कामे, दिनांक, अर्जाचा विषय, तो निवडण्याचे कारण. वेळ नसेल किंवा चांगले लिहिण्याजोगे काही पाहिलेले नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. असाध्य व्याधी ओळखून प्रत्याख्यान करणे हा आपल्या शास्त्राने वैद्याला दिलेला अधिकारच आहे.

तथ्यांबाबत दक्षता हवी. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता, असे पदवीचे स्वरूप नेमके लिहावे. आंतरवासीयाने 'स्वतंत्रपणे रुग्णांवर उपचार केले' असे उत्साहाच्या भरात लिहू नये. त्याचे काम देखरेखीखाली असते. आपली पदवी ब्रिटन वा अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना देत नाही, तेव्हा तसा भास निर्माण करणारा शब्द विद्यार्थ्याच्याच अंगलट येतो. 'वात', 'अग्नी', 'आम' अशा संज्ञा आल्यास अर्ध्या ओळीत अर्थ द्यावा.

विद्यार्थ्याने अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वी किमान एक महिना पत्र मागावे आणि येताना गुणपत्रिका, स्वतःचे प्रयोजन-निवेदन व विद्यापीठांची यादी आणावी. (वाडीत पेढ्यांना तोटा नाही; पेढे प्रवेश मिळाल्यावर आणावेत.) पत्र बहुधा विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे नसते. विद्यापीठाकडून आपल्या ई-मेलवर दुवा येतो आणि तेथे ते परस्पर भरायचे असते. शक्य तेथे महाविद्यालयाचा किंवा औषधशाळेचा अधिकृत ई-मेल द्यावा. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यान्वये प्रवेशानंतर विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क असतो. शिफारसपत्रापुरता तो सोडून देण्याची सोय अर्जात असते. हा हक्क सोडावा, असे विद्यार्थ्याला सांगावे, कारण गोपनीय पत्र अधिक मोकळेपणाने लिहिलेले मानले जाते. दुव्याचा ई-मेल कधी कधी नको असलेल्या टपालाच्या खात्यात जाऊन पडतो, म्हणून विद्यार्थ्याने आठवड्याने आठवण करावी व आपण त्याचा राग मानू नये. पत्राची प्रत जपून ठेवावी. तोच विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी पुन्हा येतो, तेव्हा मधल्या काळातील नवे काम त्यात घालून आणि दिनांक बदलून ते पुन्हा लिहिता येते.